किल्ल्याच्या पायथ्याचे गाव

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल कोणी बोलू लागले की बोलणे शिखरापासून सुरू होते. वर सिंहासन, सिंहासनावर महाराज, बुरुजावर भगवा, दरवाजात भालदार-चोपदार. मी जुन्या नाशकातल्या एका वाड्यात वाढलो आणि आठ-दहा वर्षे दरसाल किल्ला बांधला. माझ्या आठवणीतला किल्ला मात्र खालून सुरू होतो. विटा-दगड रचून त्यावर पोते अंथरायचे, माती कालवून थापायची, अळीव आणि मोहरी पेरायची, ही कामे दीड-दोन दिवसांत उरकत. महाराजांना सिंहासनावर बसवायला एक मिनिट पुरे. उरलेले सगळे दिवस आम्ही पायथ्याशी बसलेलो असू. तिथे आरशाच्या तुकड्याचे तळे होते, काड्यापेट्यांची घरे होती, जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली, बैलगाडी, पारावरचा म्हातारा होता. रोज सकाळी काहीतरी हलवायचे. भाजीवाली कालपर्यंत तळ्याकाठी होती, आज ती पारापाशी न्यायची, कारण गिऱ्हाईक तिथे जास्त. यावर अर्धा तास वाद होई. वर इतिहास होता आणि खाली संसार होता. मुलांचा वेळ संसारात जाई.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली आणि उरलेला वेळ १८४० साली स्थापन झालेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात. तिथल्या वाचनाने आणि गावातल्या जुन्या माणसांशी झालेल्या गप्पांनी काही वह्या भरल्या. विषय एकच, माणसे लुटुपुटूची जगे का मांडतात, आणि त्या जगांतून खरा शेजार तयार होतो का? हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो माझ्या भाचीने विचारला, आणि ज्या प्रसंगी विचारला तो पुढे सांगणारच आहे. आधी थोडे मागे जाऊ.

भांडी बाजारातला छोटा संसार

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी दूरवर जात. सराफ बाजाराला लागून भांडी बाजार आहे, आणि तांबट आळीतल्या हातोड्यांचा आवाज ऐकलेली माणसे अजून गावात आहेत. मोठ्या पातेल्या-घंगाळांच्या शेजारी चिमुकली भांडीही विकायला असत. बंब, परात, कळशी, पोळपाट-लाटणे, चूल, जाते, खलबत्ता, सगळे तळहातावर मावेल एवढे. हीच भातुकली. या भांड्यांची घडण नीट पाहिली तर लक्षात येते की ती दिसण्यापुरती केलेली नसत. कळशीत पाणी राही, जाते फिरे, बंबाला तोटी असे.

भातुकलीचा एक नियम सहसा कोणी सांगत नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. भातुकलीला पाहुणा लागतो. एकट्या मुलीने चुरमुरे-गूळ-दाण्याचा स्वयंपाक मांडला तर तो दहा मिनिटांत संपतो. कोणीतरी जिन्याखालून येऊन 'आहे का घरी?' म्हणावे लागते. मग पाट, पाणी, 'घ्या ना अजून', 'पोट भरलं हो'. दुसऱ्या दिवशी परतभेट. बाहुला-बाहुलीच्या लग्नात तर दोन वाडे गुंतत. एक वरपक्ष, दुसरा वधूपक्ष. त्या निमित्ताने मोठी माणसेही खरे लाडू करत, आणि महिनाभर एकमेकांना 'विहीणबाई' म्हणून हाका मारत.

भोंडल्यातही हाच नियम दिसतो. आश्विनात हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, आणि आज हिच्या घरी तर उद्या तिच्या घरी जातात. गाणी संपली की खिरापत ओळखायची. आता खिरापत काय, यापेक्षा ती झाकून ठेवलेली आहे आणि सगळ्यांनी मिळून ओळखायची आहे, हे महत्त्वाचे. त्यासाठी या घरात काय पिकते, काय परवडते, या घरची आई कशात हुशार आहे, हे माहीत असावे लागते. शेजाऱ्याची इतकी बारीक माहिती खेळाने नकळत करून दिलेली असते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हे खेळ नेहमीच खेळ नव्हते. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले. त्या पिढीच्या मुलीला भातुकली आणि चूल यांच्यामध्ये एका मुहूर्ताचे अंतर होते. १९२९ साली शारदा कायदा संमत झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. कायद्यापेक्षा शाळेने हळूहळू जास्त काम केले. मुलींचे बालपण लांबले, तेव्हा कुठे भातुकली ही सासरची तालीम न राहता निव्वळ खेळ झाली. आज आपण ज्या भातुकलीच्या आठवणीने हळवे होतो, तिचे वय म्हणजे फार तर तीन-चार पिढ्या.

रहाड

नाशिकबाहेरच्या वाचकांना रहाड म्हणजे काय ते सांगायला हवे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत रस्त्यांखाली दगडी हौद आहेत. पेशवेकाळापासूनचे मानले जातात. वर्षभर ते फळ्या आणि माती टाकून झाकलेले असतात, वरून रिक्षा, हातगाड्या, गायी जात-येत असतात. रंगपंचमीला माती काढून, फळ्या उचलून हौद उघडतात, पूजा होते, रंगाचे पाणी भरले जाते आणि माणसे त्यात उडी मारतात. या उडीला आमच्याकडे 'धप्पा' म्हणतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, प्रत्येक ठिकाणची रहाड वेगळी, तिचा मान वेगळा.

मला रहाडीविषयी कुतूहल आहे ते तिच्या बंद असण्याचे. वर्षाचे ३६४ दिवस ती कुठे असते? रस्त्यावरून जाणाऱ्या नव्या माणसाला खाली काही आहे याचा पत्ताही नसतो. तिवंध्यातल्या माणसाला मात्र पायाखाली ती असल्याचे ठाऊक असते. वर्षभर न बोलणारे दोघे त्या दिवशी एकाच पाण्यातून वर येतात. म्हणजे जागा रोज उघडी असलीच पाहिजे असे नाही; ती ठरल्या दिवशी उघडेल आणि आपण तिथे असू, एवढा भरवसा पुरतो. पंचांगाने बांधलेला समाज तो हा.

१९९६

एक योगायोग मला फार आवडतो. १९९६च्या ऑगस्टमध्ये जपानमध्ये 'बोकुजो मोनोगातारी' नावाचा व्हिडिओ गेम आला. तो बाहेरच्या देशांत 'हार्वेस्ट मून' म्हणून ओळखला गेला. तोवर व्हिडिओ गेम म्हणजे मारामारी, शर्यत, नाहीतर उड्या. या खेळात आजोबांची पडीक शेती कसायची, गायीला चारा घालायचा, गावच्या जत्रेला जायचे. तो रचणारे यासुहिरो वाडा खेड्यात वाढून टोकियोत आलेले. आणि त्याच वर्षी, सप्टेंबरातल्या गणेशचतुर्थीला, अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू केले. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे, महिन्याभराच्या अंतराने, सोडून आलेले गाव पडद्यावर मांडत होती. एकाने शेत मांडले, दुसऱ्याने चावडी.

मायबोली, मग २००४ साली 'मनोगत', २००७ साली 'मिसळपाव', यांच्या साहित्याविषयी पुष्कळ लिहिता येईल. इथे मला फक्त त्यांनी घडवलेले शब्द नोंदवायचे आहेत. प्रत्यक्ष भेटायला जमले तर मायबोलीकरांनी त्याला 'गटग' म्हटले, 'गेट-टुगेदर'चे ते मराठी लघुरूप. मिसळपावकरांनी त्यालाच 'कट्टा' म्हटले. चर्चेचा 'धागा' झाला. नुसते वाचणारा, न लिहिणारा माणूस 'रोमात' असतो, म्हणजे 'रीड ओन्ली मोड'मध्ये. एकाच माणसाने दोन नावांनी वावरणे म्हणजे 'डुआयडी'. हे शब्द कोणत्याही परिभाषा मंडळाने दिलेले नाहीत. तांबट आळीची बोली जशी हातोड्यांमध्ये घडली, तसे ते वापरता वापरता घडले. भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे की जिथे स्वतःची बोली तयार होते तिथे समाज तयार झालेला असतो. शिवाय सगळ्या गमतीत 'गटग' हा शब्द पुन्हा भातुकलीचाच नियम सांगतो. भेटीला यावे लागते.

सलगम आणि कांदा

पाच वर्षांनी, २००१च्या एप्रिलमध्ये, निन्टेन्डो कंपनीने 'दोबुत्सु नो मोरी', म्हणजे प्राण्यांचे रान, हा खेळ काढला. पुढे तो 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' नावाने जगभर गेला. त्याचे रचनाकार कात्सुया एगुची चिबाहून नोकरीसाठी क्योटोला आलेले. घरची माणसे आणि मित्र मागे राहिले, त्या एकटेपणातून हा खेळ सुचला असे त्यांनी सांगितले आहे. खेळात जिंकायचे काही नसते. एका गावात घर बांधायचे, झाडे लावायची, मासे धरायचे, शेजारच्या प्राण्यांशी बोलायचे. खेळातले घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालते. आपल्याकडे रात्र तर तिथे रात्र. महिनाभर फिरकला नाहीत तर अंगणात तण माजते आणि शेजारी विचारतात, 'होता कुठे इतके दिवस?' इंग्रजीत अशा खेळांना 'कोझी गेम' म्हणतात. मी त्यांना उबदार खेळ म्हणतो. एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने २०१६ साली आणलेला 'स्टारड्यू व्हॅली' हाही त्याच कुळातला. त्याचे चित्र, संगीत, आज्ञावली सारे त्याने एकट्याने केले.

आपल्याकडे या कुळाची पहिली मोठी ओळख २००९ साली फेसबुकवरच्या 'फार्मव्हिल'ने करून दिली. ऐन बहरात महिन्याला आठ कोटींहून अधिक माणसे तो खेळत. कित्येक मराठी घरांत आई, मावशी, ऑफिसातले साहेब रात्री गजर लावून उठत आणि स्ट्रॉबेरी काढत. पण फार्मव्हिलमधला 'शेजारी' म्हणजे एक पायरी होती. शेत वाढवायला अमुक इतके शेजारी लागत, म्हणून माणसे ओळखीपाळखीच्यांना विनंत्यांचा मारा करत. भेटवस्तू एक कळ दाबून पन्नास जणांना जाई. खिरापत ओळखायला शेजारी माहीत असावा लागतो; इथे त्याचे नाव वाचायचीही गरज नव्हती. परतभेट होती, पण ती हिशेबाची.

अ‍ॅनिमल क्रॉसिंगचा नवा अवतार २० मार्च २०२० रोजी आला. पाच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली. त्या वर्षी जगभर लोक त्या खेळात वाढदिवस, अगदी लग्नेही साजरी करू लागले. माझी भाची तेव्हा कॅनडात शिकत होती. खेळाचे यंत्र भारतात अधिकृतपणे विक्रीलाही नव्हते. तिने तिथे जुने विकत घेतले. ती व्हिडिओ कॉलवर मला तिचे बेट दाखवी. एकदा ती म्हणाली, ''मामा, इथे रविवारी सलगम विकत घ्यायचे आणि आठवडाभरात विकायचे. भाव दिवसातून दोनदा बदलतो. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडतात.'' मी म्हटले, ''अगं, हे लासलगावच्या माणसाला शिकवतेस होय?'' पण पुढचा भाग लासलगावात नव्हता. ज्याच्या बेटावर भाव चढला तो दार उघडून अनोळखी माणसांनाही आत घेई, आणि आलेला माणूस जाताना काहीतरी ठेवून जाई. आमच्याकडे कांद्याला भाव चढला तर शेजारच्या गावाला बोलावून सांगणारा व्यापारी मी पाहिलेला नाही.

तेरावा

त्या पावसाळ्यात माझी आई गेली. विमाने बंद होती. आम्ही घरातली चार माणसे तोंडाला फडके बांधून अमरधामात गेलो. गंगेवरचे विधीही कसेबसे झाले. भाचीला आजीचे अखेरचे दर्शन फोनवर झाले. तेराव्या दिवशी तिने तिच्या बेटावर एक कोपरा केला. मधे कठड्यात एक रोप, भोवती पांढरी फुले, समोर एक दिवा. तिथे तीन मैत्रिणींना बोलावले. या तिघी तिला खेळातच भेटलेल्या. एक नागपूरची, दोघी परदेशातल्या. प्रत्यक्षात कोणी कोणाला पाहिलेले नव्हते. तिघी आल्या, फुले ठेवली आणि काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. खेळात बसून रडण्याची फारशी सोय नाही.

तिने हे सांगितले तेव्हा मला राग आला. आईचे तेरावे आणि पडद्यावरच्या बाहुल्या! मी काहीतरी तोडून बोललो. ती शांतपणे म्हणाली, ''गाव खोटं असेल मामा. पण त्या खोट्या होत्या का?''

मी उत्तर दिले नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्या तिघींपैकी एकीने भाचीला निरोप पाठवला, 'आज आजीची आठवण येत असेल.' आमच्या सख्ख्या नात्यातल्या दोघांना ती तारीख आठवली नव्हती. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांचेही ते वर्ष वाईटच गेले. पण माझ्या वहीतल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे लिहावे लागले. जागा मातीची की पडद्यावरची, यावर शेजार ठरत नाही. कोण येते, परत येते का, आणि आपण दिसलो नाही तर कोणाच्या लक्षात येते, यावर तो ठरतो.

दार आणि किल्ली

इतके लिहून थांबलो तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाही. आमच्या वाड्यातल्या भातुकलीत भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी असे. वयाने आमच्याच बरोबरीची. खेळात तिला दरवेळी मोलकरणीचे काम मिळे. कोणी ठरवले नव्हते. ते ठरलेलेच होते. तिच्या हातचे लुटुपुटूचे पाणीही चुलीपाशी चालत नसे, आणि किल्ल्याची माती मात्र तीच डोक्यावरून आणून देई. पन्नाशी उलटल्यावर मला हे आठवले, तेही भाचीने सहज सांगितले म्हणून, ''इथे कोणी आडनाव विचारत नाही.'' वाड्याला ऊब होती, पण ती चौकातल्यांसाठी. हे न सांगता वाड्याचा इतिहास लिहिणे म्हणजे किल्ल्याचा फक्त वरचा भाग रंगवणे.

अर्थात भाचीच्या बेटालाही उंबरा आहे. त्याची किंमत काही हजारांत आहे, आणि इंग्रजीही लागते. तिथे जात विचारली जात नाही, पण ऐपत आधीच तपासलेली असते.

दुसरी गोष्ट किल्लीची. वाड्यात आम्ही भाडेकरू होतो. मालकांच्या वारसांनी वाडा विकासकाला दिला आणि तीन महिन्यांत सोळा बिऱ्हाडे सोळा दिशांना गेली. चौकाची फरशी उखडली तेव्हा कोणी आमचे मत विचारले नाही. ऑर्कुटवर मराठी माणसांचे कितीतरी समूह होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ते बंद केले. फार्मव्हिलचे मूळ शेत ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. ज्यांनी अकरा वर्षे ते कसले त्यांच्या हाती एक मूठ मातीही उरली नाही. या गावांत आपण सारे भाडेकरूच आहोत. फरक इतकाच की वाड्याच्या भाडेकरूला निदान भाडे-नियंत्रण कायदा तरी होता. मायबोली जवळपास तीस वर्षे टिकली, त्याचे एक कारण मला असे दिसते की तिची किल्ली तिथेच वावरणाऱ्या माणसाकडे राहिली. रहाडही टिकली ती यामुळेच. तिच्यावरच्या फळ्या कोणी बाहेरून येऊन उचलत नाही.

आमच्या जुन्या खेळांचे शहाणपण आणखी एका गोष्टीत होते. ती गावे मोडण्यासाठीच मांडलेली असत. भातुकली संध्याकाळी डब्यात जाई, किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत विरघळे. जागा दरवर्षी मोडत असल्यामुळे ती पुन्हा कशी मांडायची हे सगळ्यांना येत असे. वाडा गेल्यावरही आम्हाला किल्ला बांधता येत होता. ऑर्कुट गेल्यावर काही समूह दुसरीकडे जाऊन बसले, काही विखुरले. मांडण्याची सवय ज्यांना होती ते टिकले असावेत असे मला वाटते.

आता मी इंदिरानगरात राहतो. मागच्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांनी किल्ला केला. सिमेंटची गोणी, कुंडीतली माती, ऑनलाइन मागवलेले मावळे. सोसायटीतली मुले शिकवणीला आणि बाहेर जात-येत होती. वॉचमनचा मुलगा दिवसभर तिथेच असे. त्यामुळे पायथ्याचे गाव हळूहळू त्याच्या ताब्यात गेले. तो यवतमाळकडचा. त्याने तळे काढून टाकले आणि तिथे विहीर केली, विहिरीभोवती कापसाच्या वाती पेरल्या. एका मुलाने विचारले, ''हे काय?'' तो म्हणाला, ''कापूस. आमच्या इथं असाच असतो.'' थोडा वाद झाला. नाशकातल्या किल्ल्याखाली द्राक्षे हवीत, असे एकाचे म्हणणे पडले. शेवटी अर्ध्या भागात द्राक्षांचा मांडव उभा राहिला, अर्ध्यात कापूस.

मी फोन काढून भाचीला ते दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, ''भाजीवाली कुठे ठेवलीय?''

भाजीवाली पारापाशीच होती.